नव्या घराचा कठडा

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात शेजाऱ्याचा चुकलेला बैल, पक्षिणीचे घरटे आणि द्राक्षमळ्यातील मिश्र बी यांविषयीच्या आज्ञांमध्ये दाटीवाटीने बसलेली एक लहानशी आज्ञा आहे. जो नवे घर बांधील त्याने आपल्या धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय. उपदेशासाठी हे वचन सहसा कोणी निवडत नाही, आणि वाचनाच्या ओघात ते आले तरी आपण पुढे सरकतो. भाषांतरकाराला मात्र तेथे थांबावेच लागते. कठड्यासाठी वापरलेला ‘मआके’ हा शब्द संपूर्ण हिब्रू शास्त्रात या एकाच ठिकाणी येतो. दुसरा दाखला नसल्यामुळे त्याचा अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो, आणि संदर्भ पाहू लागले म्हणजे त्या काळचे घर डोळ्यांपुढे उभे राहते. राहाबेने हेरांना लपवले ते धाब्यावर रचलेल्या जवसाच्या काड्यांत. शमुवेल शौलाशी बोलला तो धाब्यावर. यापो येथे पेत्र प्रार्थनेसाठी चढला तोही धाब्यावरच. धाबे हे घराचे छप्पर कमी आणि अंगण अधिक होते. तेथे घरच्यांइतकाच पाहुण्यांचा आणि शेजाऱ्यांचा वावर असे.

घर बांधण्याविषयीचे कायदे याहून जुने आहेत. हम्मुराबीच्या संहितेत घर कोसळून मालक मेला तर ते बांधणाऱ्यास मृत्युदंड सांगितला आहे. तो कायदा माणूस मेल्यानंतर बोलतो. मोशेची आज्ञा त्याच्या पुष्कळ आधी बोलते, आणि ‘नवे घर’ असे म्हणून ती आपली वेळही सांगते. वीट रचली जात असतानाच कठडा स्वस्तात होतो. घराच्या बाबतीत हे सर्वच गोष्टींना लागू आहे. खिडक्या कोणत्या दिशेला, भिंत किती जाड, गच्चीवर ऊन किती तापणार, पन्हळीचे पाणी कोठे उतरणार, हे एकदा नकाशात ठरले की पुढील पन्नास वर्षे त्या घरात राहणारी माणसे ते बदलू शकत नाहीत, फक्त त्याचे बिल भरत राहतात.

कमी वीज व कमी पाणी लागेल अशा घरांना अलीकडे ‘हरित इमारत’ म्हणतात. अशी घरे बांधली जावीत म्हणून शहराने काय करावे, हा प्रश्न बहुधा अभियंत्यांवर सोपवला जातो. माझ्या मते तो आधी नीतीचा प्रश्न आहे. माझ्या पैशाने, माझ्या जागेवर मी जे घर बांधतो त्यात शहराने कोठवर लक्ष घालावे? आणि घालायचेच तर सक्तीने, दंडाने की बक्षिसाने? या तिन्ही मार्गांनी गच्चीवर यंत्र एकच बसते, परंतु माणसाच्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी बसतात.

मी हे बेंगळुरूच्या राजाजीनगरात बसून लिहीत आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच काळात आखलेली ही औद्योगिक वसाहत. राजगोपालाचारी त्या सुमारास गव्हर्नर जनरल होते, त्यांचेच नाव हिला मिळाले. येथून मल्लेश्वरमच्या बाजूला गेले की जेथे मराठी उद्योजकांचा किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता, तेथे आज उंच मनोरे आणि मोठे विक्रीसंकुल उभे आहे. हरित इमारतींची चर्चा निघाली की सर्वांचे बोट अशा मनोऱ्यांकडे वळते. परंतु राजाजीनगर त्यांचे बनलेले नाही. येथे घराचे माप विचारले तर लोक ‘तीस-चाळीस’ किंवा ‘चाळीस-साठ’ असे फुटांत सांगतात. एके काळी त्या तुकड्यांवर लाल फरशीची, मंगलोरी कौलांची बैठी घरे होती. आता त्याच तीस-चाळीसावर तीन-चार मजले चढतात. एका मजल्यावर मालक राहतो, बाकीचे भाड्याने जातात. शहराची वीज आणि पाणी कसे खर्च होणार, हे बव्हंशी अशा हजारो लहान घरांत ठरते.

आणि या शहरात वीज व पाणी यांचा हिशेब एकमेकांत गुंतलेला आहे. १९०५ साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते कावेरीवरील शिवनसमुद्रच्या धबधब्याच्या बळावर. १९७४ पासून प्यायचे पाणीही त्याच कावेरीतून येऊ लागले. ते सुमारे शंभर किलोमीटर वाहून आणावे लागते आणि वाटेत जवळजवळ ५०० मीटर वर चढवावे लागते, कारण शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर उचलायला निसर्गनियमानेच सुमारे १.४ युनिट वीज लागते. पंपातील व नळांतील नुकसान धरले तर तो आकडा दोनच्या आसपास जातो. मग ते पाणी घरी आल्यावर आपण गिझर लावतो. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवण्यास साडेतीन युनिट खर्च होतात. दुसरीकडे या शहरावर वर्षाला साधारण ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. तीस-चाळीसच्या छपरावर तो वर्षाकाठी सुमारे एक लाख आठ हजार लिटर भरतो. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ८६ हजार लिटर उरतात, तेही थेट गच्चीवर. तेथून बहुतेक पाणी गटारात जाते आणि खाली शंभर किलोमीटरवर आपले पंप पुन्हा चालू राहतात.

येथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. कठडा ज्याचे रक्षण करतो तो पाहुणा मला दिसतो. तो माझ्या ओट्यावर बसतो, माझे मीठ खातो. परंतु माझा गिझर चालू असल्याने ज्याच्या वाट्याची वीज कमी झाली, माझ्या नळामुळे ज्याच्या वाफ्यातील पाणी आटले, तो मंड्याचा शेतकरी मला दिसत नाही. जो अद्याप जन्मालाच आला नाही त्याच्याविषयी तर काय बोलावे? दिसणाऱ्या पाहुण्यासाठी दिलेली आज्ञा न दिसणाऱ्या शेजाऱ्यापर्यंत ताणता येईल काय?

यहुदी शास्त्र्यांनी ती बरीच ताणली. बाराव्या शतकातील मैमोनिदेस याने विहिरीच्या तोंडापासून घरातील प्रत्येक धोक्यापर्यंत तिचा विस्तार केला. पण मला अधिक उपयोगाचे वाटते ते राशीचे एक बारीक निरीक्षण. मूळ वाक्यात पडणाऱ्या माणसासाठी जो शब्द आहे तो जणू आधीच ‘पडणारा’ म्हणून ओळखला जातो. शब्दशः ‘पडणारा पडला तर’ अशी रचना होते. राशी म्हणतो, तो माणूस कदाचित पडण्यास पात्रच असेल, तरीही त्याचे पडणे तुझ्या हातून होऊ नये. आपल्या काळातील सर्वांत सोयीस्कर सबबीला हे उत्तर आहे. माझ्या एका घराने काय होणार, शहर असे ना तसे तहानणारच, हे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने जवळजवळ खरे असते. पण आज्ञा परिणामाचा हिशेब मागत नाही. तुझ्या घराचा त्यात हात होता का, एवढेच ती विचारते. दोषही ती ‘तुझ्यावर’ न म्हणता ‘तुझ्या घरावर’ ठेवते. बांधणारा मेला, घर विकले गेले, तरी कठडा नसलेली गच्ची तेथेच राहते.

शिवाय न दिसणारा शेजारी हा पूर्णपणे न दिसणारा असतो, हेही खरे नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूच्या कित्येक वस्त्यांतील कूपनलिका कोरड्या पडल्या. टँकरसाठी रांगा लागल्या. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला आणि बागेला पाणी घालणाऱ्याला ५,००० रुपये दंड जाहीर झाला. शहराच्या कडेच्या, कावेरीचे नळ न पोहोचलेल्या भागांना सर्वांत अधिक झळ बसली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि रोज ७७५ दशलक्ष लिटर जादा पाणी आणण्याची सोय झाली. टंचाईची आठवण त्याबरोबर लगेच पुसट झाली.

आता सक्तीविषयी. सक्तीने केलेले चांगले काम चांगले उरते काय, असा प्रश्न आपल्या परंपरेत वारंवार विचारला गेला आहे, आणि आत्म्याच्या स्वातंत्र्यावर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाला तो टोचणारच. इमान्युएल कांट याने १७९७ च्या आपल्या नीतिग्रंथात हक्काची कर्तव्ये आणि सद्गुणाची कर्तव्ये अशी विभागणी केली. पहिली बाहेरून लादता येतात, दुसरी येत नाहीत. कठडा पहिल्या वर्गातला आहे. घरमालक दयाळू व्हावा ही त्या आज्ञेची अट नाही. पाहुणा मरू नये ही आहे. घरमालकाने कुरकुरत कठडा बांधला तरी पाहुणा वाचतो. म्हणून माझ्या घराचा भार दुसऱ्यावर पडू नये इतपत सक्ती करण्याचा शहराला अधिकार आहे, असे मी मानतो. त्यापलीकडचे साधेपण, म्हणजे मुळात लहान घर बांधणे, एक मजला कमी चढवणे, ही मात्र सद्गुणाची बाब आहे आणि तेथे नियमाने हात घालू नये.

बेंगळुरूने एके ठिकाणी अशी सक्ती फार शहाणपणाने केली. २००७ च्या सुमारास कर्नाटकात नियम झाला की ६०० चौरस फूट व त्याहून अधिक बांधकाम असलेल्या नव्या घराला सौर बंब बसवल्याशिवाय विजेची जोडणी मिळणार नाही. नुसता उपदेश करून भागले नसते. मालक ज्या दारातून जाणारच, त्या दारात नियम उभा केला गेला. सौर बंब असणाऱ्याला बिलात युनिटमागे पन्नास पैसे, महिन्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये, अशी सूटही अनेक वर्षे होती. पण खरे काम जोडणीच्या अटीने केले. आज राजाजीनगरच्या कोणत्याही गच्चीवरून पाहिले तर चहूकडे उतरत्या काचा आणि आडव्या टाक्या दिसतात. इस्राएलने हाच नियम १९८० मध्ये केला होता, आणि तेथे त्या बंबाला ‘दूद शेमेश’, सूर्याचे भांडे, म्हणतात. यातील ‘दूद’ हा शब्द पहिल्या शमुवेलात एलीच्या लोभी पुत्रांच्या गोष्टीत येतो. ज्या भांड्यांत त्यांचे सेवक काटे खुपसून मांस काढून नेत, त्यांपैकी ते एक. शब्दांचे नशीब असे उजळल्याचे पाहून भाषांतरकाराला बरे वाटते.

परंतु नियमाला मर्यादा आखावी लागते आणि ती कोठे आखली यावरून नियम करणाऱ्याचे मन कळते. चार हात लांब व चार हात रुंद यांहून लहान घराला कठड्याची सक्ती नाही, असे तलमुदात सांगितले आहे. चार हात म्हणजे जेमतेम सहा फूट. ज्यात माणूस पाय पसरून धड झोपू शकणार नाही अशा झोपडीला त्यांनी सूट दिली. राहण्याजोगे प्रत्येक घर नियमाखाली आले. आपल्याकडे ऊर्जा दक्षता कार्यालयाने २०१८ मध्ये निवासी इमारतींच्या भिंती, छप्पर व खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी याची ‘इको-निवास संहिता’ तयार केली. संहिता चांगली आहे. पण ती मुळात ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. तीस-चाळीस म्हणजे १११ चौरस मीटर. चाळीस-साठ म्हणजे २२३. अवघे राजाजीनगर जवळजवळ झोपडी ठरून सुटते. लहान मालकाला त्रास नको हा हेतू समजू शकतो, परंतु त्या लहान मालकाच्या चार मजल्यांत चार कुटुंबे राहतात आणि तापलेल्या स्लॅबखालचा सर्वांत वरचा मजला बहुधा सर्वांत कमी भाडे देणाऱ्याचा असतो.

दंडाचा मार्ग पावसाच्या पाण्याच्या बाबतीत अनुभवास आला. २००९ मध्ये पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन २,४०० चौरस फूट व त्याहून मोठ्या भूखंडावरील जुन्या घरांना आणि १,२०० चौरस फुटांवरील नव्या घरांना पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जमिनीत मुरवण्याची सोय सक्तीची झाली. पुढे सोय न करणाऱ्याच्या बिलावर अधिभार लागला. घरगुती जोडणीला तो आरंभी २५ टक्के आणि तीन महिन्यांनंतर ५० टक्के होता. अनेकांनी सोय केली. पण हजारो घरांनी मुकाट्याने दर महिन्याला अधिभार भरणे पसंत केले. पाणी मुळातच स्वस्त, त्यावरचा दंडही परवडण्याजोगा. खड्डा खणणे, नळ फिरवणे, गवंड्यामागे लागणे यापेक्षा बिल भरणे सोपे. मंडळाच्या तिजोरीत पैसे आले आणि जमिनीत पाणी गेले नाही.

याला केवळ नागरिकांचा आळस म्हणून सोडून देता येणार नाही. युरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्राएलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना काही पाळणाघरांनी लहानसा दंड लावला, आणि उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी सुमारे दुप्पट झाली. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची लाज वाटत होती; दंड आल्यावर त्या लाजेची किंमत ठरली आणि लोक ती देऊ लागले. नंतर दंड काढून टाकला तरी लाज परत आली नाही. ज्या दिवशी अधिभार सवयीचा झाला त्या दिवशी पाणी वाया घालवण्याचा परवानाच आपण विकत घेतला, असे राजाजीनगरच्या माणसाला वाटले असेल तर त्यात नवल नाही. तलमुदातील कठडा न बांधणाऱ्याला वर्षाला अमुक चांदी भरून सुटता येत नसे. म्हणून दंड ठेवायचाच असेल तर तो जबर आणि मुदतीचा असावा. अमुक महिन्यांनंतर तो घेणे बंद करून मंडळाने आपली माणसे पाठवून खड्डा खणवावा आणि खर्च मालकाच्या बिलात लावावा.

बक्षिसाचा मार्ग महाराष्ट्राने धरला. पुणे महापालिकेने सौर यंत्रणा, गांडूळखत आणि पर्जन्यजलसंचय यांपैकी एक सोय करणाऱ्याला मालमत्ता करात ५ टक्के, दोन वा अधिक करणाऱ्याला १० टक्के सवलत दिली. पुढे तपासणी झाली तेव्हा सवलत घेणाऱ्या अनेक सोसायट्यांतील यंत्रणा बंद पडलेल्या आढळल्या. गांडुळे केव्हाच मेली होती, सवलत तेवढी जिवंत होती. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने, जी मुंबईला लागू नाही, हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के अधिक बांधकामाची मुभा दिली. बांधकाम व्यावसायिकाला पटणारी भाषा हीच, हे मला कळते. पण कमी खर्चणाऱ्याला अधिक बांधू देणे म्हणजे उपवास करणाऱ्याला मेजवानी देण्यासारखे आहे. जादा मजल्यांतील माणसांनाही पाणी लागेल, त्यांच्याही गाड्या रस्त्यावर येतील.

मोशेच्या या अध्यायात बक्षीस नाही असे नव्हे. कठड्याच्या अगदी आधीच्या आज्ञेत, पिलांसह पक्षिणीला न धरण्याविषयी, दीर्घायुष्याचे वचन दिले आहे. रानातल्या घरट्यापाशी कोणी पाहत नसते, तेथे मनाला ओढ लावावी लागते. कठड्यापाशी आल्यावर मात्र वचन थांबते. गच्चीवरून माणसाला पडू न देणे हे बक्षिसाला पात्र असे काम मानलेच गेले नाही. शहराने हा भेद पाळावा असे मला वाटते. घर थंड राहावे म्हणून एखादा मातीच्या न भाजलेल्या विटा वापरतो, अंगणातले झाड राखण्यासाठी आपली खोली लहान करतो. त्याला जरूर कर कमी लावावा. सौर बंब आणि पावसाचा खड्डा हे कठडे आहेत. त्यांच्यासाठी पैसे देणे म्हणजे ते ऐच्छिक आहेत असे शिकवणे.

सर्वांत अवघड गाठ भाडेकऱ्याची आहे. खर्च मालक करतो, विजेचे बिल भाडेकरू भरतो. मग मालकाने चांगली भिंत का बांधावी? राजाजीनगरात अशी घरे मी पाहिली आहेत, जेथे गच्चीवरच्या सौर बंबाचे गरम पाणी फक्त मालकाच्या मजल्याला येते आणि भाड्याच्या मजल्यांवर गिझर टांगलेले असतात. जोडणी मिळाली, नियम पाळला गेला. तलमुदाच्या बाबा मेत्सिया या भागात यावर चर्चा आहे. दार, कडी, कुलूप आणि ज्याला कारागीर लागेल ते सर्व मालकाने करावे. धाब्याची शिडी, कठडा, पन्हळ आणि लिंपण मात्र भाडेकऱ्याने. कठडा भाडेकऱ्याकडे का? बहुधा यासाठी की, धाब्यावर वावरतो तो, धोका त्याला कळतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या आजच्या भाडेकऱ्याकडून अशी अपेक्षा करता येणार नाही. नळ फिरवायला कारागीरच लागतो, आणि तो मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीला हात लावू शकत नाही. पण चर्चेतला विवेक घेण्याजोगा आहे: ज्याच्या हाती बदल करणे आहे त्याच्यावर कर्तव्य. प्रत्येक मजल्याला विजेचे वेगळे मीटर असते. गच्चीवर बंब आहे की नाही एवढेच न पाहता, त्या त्या मजल्याच्या न्हाणीघरात त्याचा नळ उतरला आहे की नाही, हे पाहूनच त्या मजल्याचे मीटर द्यावे. एका ओळीची दुरुस्ती आहे.

आणि पाहावे एकदाच नव्हे. आजवर वीज कंपनी आपला दाखला पाहते, पाणी मंडळ आपला, महापालिका आपला. सप्टेंबर २०२५ पासून एकाच्या जागी पाच महापालिका आल्या आहेत. सबंध घर कोणीच पाहत नाही. खरे तर या शहरात ज्ञानाची उणीव कधी नव्हती. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ विभाग सुरू झाला आणि तेथील शास्त्रज्ञांनी दाबलेल्या मातीच्या विटांवर वर्षानुवर्षे काम केले. जयनगरात पाणी मंडळाने पर्जन्यजलसंचयाची एक बागच उभी केली आहे; तेथे जाऊन कोणालाही गाळणी व टाकी प्रत्यक्ष पाहता येते. राजाजीनगराला लागून असलेल्या विजयनगरात ए. आर. शिवकुमार या शास्त्रज्ञांचे घर १९९५ पासून पावसाच्या पाण्यावर चालले आहे. त्यांनी कावेरीचा नळ घेतलाच नाही. चाळीस-साठच्या भूखंडावरचे साधे घर आहे ते. त्यांनी केले ते प्रत्येकाने करावे असे मी म्हणणार नाही. तेवढे होऊ शकते, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होते, आणि मग नियम अशक्य गोष्ट मागतो ही तक्रार उरत नाही.

शेवटी आपल्या मंडळ्यांच्या इमारतींविषयी थोडे. मैमोनिदेसने सभास्थानांना कठड्याच्या आज्ञेतून वगळले आहे, कारण तेथे कोणी राहत नाही. ही सूट आपल्याला फार सोयीची वाटेल. मंदिरात आठवड्यातून काही तास दिवे लागतात, न्हाणीघर नसते, मग आपला काय संबंध? पण मंदिराचे छप्पर मोठे असते. पाच हजार चौरस फुटांच्या छपरावर बेंगळुरूच्या पावसाचे, नुकसान वजा जाता, वर्षाला सुमारे ३ लाख ६० हजार लिटर पाणी पडते. शिवाय आवारात वसतिगृह असते, शाळा असते, पाळकांचे घर असते. लॉरी बेकर हे क्वेकर पंथाचे गृहस्थ कुष्ठसेवेसाठी भारतात आले आणि वास्तुकार म्हणून येथेच राहिले. त्यांनी तिरुवनंतपुरमला लॉयोला चॅपल बांधले तेव्हा विटांच्या जाळ्यांतून वारा व उजेड आत येईल अशी योजना केली. आज आपल्या बांधकाम समित्यांपुढे नव्या सभागृहाचे नकाशे येतात. दर्शनी भागाला काच लावावी का, वातानुकूलनाची यंत्रे किती घ्यावीत, वाहने कोठे उभी राहतील, यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि इतिवृत्तात नोंदलीही जाते. पन्हळीची रेघ नकाशावर आधीच ओढलेली असते, बहुधा रस्त्याकडच्या गटारापर्यंत.